झाडून काढलेली बाग

"दाजी, ह्या मातीवर फुफूचा गोळा ठेवून जेवलं ना, तरी दाताखाली खडा यायचा नाही," ताविया बांधापलीकडून म्हणाली.

ताचीने खराटा थांबवला नाही. हे कौतुकच आहे अशी त्याची खात्री होती, आणि कौतुक करणाऱ्यांना फार भाव देऊ नये असं त्याचं नोकरीपासूनचं मत होतं. कोकोच्या झाडांच्या ओळीतून तो एकेक पाऊल मागे सरकत झाडत होता, म्हणजे झाडलेल्या जागेवर आपल्याच पायांचे ठसे राहू नयेत. त्याच्यापुढे लाल, गुळगुळीत जमीन होती आणि तिच्यावर खराट्याच्या रेघा, सगळ्या एका दिशेने ओढलेल्या. पान नाही, काटकी नाही, मुंगीसुद्धा नाही.

"तुझ्या बागेत जेवायचं तर आधी ताटातले वाणी किडे निवडावे लागतील," तो म्हणाला.

"वाणी निवडाल हो. गोगलगायी वाढल्या की मात्र मुकाट्याने खाता."

ताविया ही त्याच्या बायकोची धाकटी बहीण. अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून, आणि कामाच्या नावाने आनंद. डोक्यावर कच्च्या केळ्यांचा घड असूनही ती गप्पांना बसल्यासारखी निवांत उभी होती. तिची बाग बांधाला लागूनच. तिथे पोटरीपर्यंत पाचोळा होता. कोकोची मोठाली तपकिरी पानं, वरच्या सावरीची पानं, मोडक्या फांद्या, फोडलेल्या फळांची टरफलं, सगळं जिथे पडलं तिथेच पडून. ताचीने आयुष्यभर ज्या गोष्टीचा तिरस्कार केला, ती त्याच्या मेहुणीने त्याच्या नाकासमोर जोपासली होती.

"मंगळवारी सार्पोंगदादा येतोय बाग बघायला," ताविया म्हणाली.

"कशाला?"

"अक्काला जाऊन बरीच वर्षं झाली. आता घराण्याने ठरवायला नको? बाग तुमच्याकडे ठेवायची का नाही ते."

आता मात्र खराटा थांबला.

जमीन ताचीच्या बायकोच्या, कोनादूच्या, आईच्या घराण्याची होती. ह्या मुलखात जमीन आईकडून चालते. मुलं असती तर त्यांची झाली असती, पण ताची आणि कोनादूला मूलबाळ झालं नाही, आणि नवरा म्हणजे शेवटी दुसऱ्या घराण्यातला माणूस. कोनादू गेल्यावर बाग त्याच्याकडे राहिली ती केवळ भिडेखातर. हे ताचीला ठाऊक होतं. तरी इतकी स्वच्छ राखलेली बाग कोणी काढून घेईल हे त्याच्या डोक्यात शिरेना.

"येऊ दे की," तो म्हणाला. "डोळे असले तर दिसेल त्याला."

"डोळे आहेत त्याला. गुडघे तेवढे गेलेत," ताविया म्हणाली आणि केळी घेऊन चालती झाली.

ताची पूर्वी आरोग्य खात्यात स्वच्छता तपासनीस होता. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिटी, हातात वेताची छडी. त्या छडीने तो बायकांच्या पाण्याच्या घागरी ढवळून डासांच्या अळ्या शोधायचा. शोधल्या की सापडायच्याच, आणि सापडल्या की कोर्टाचं समन. म्हणून बेपोआसे गावाने त्याचं नाव 'समनसमन' ठेवलं. तो वेशीवर दिसला की घरोघरी खराटे सुरू व्हायचे. भांडीकुंडी पालथी घातली जायची, पोरांची नाकं पुसली जायची. परसात एक पान पडलेलं दिसलं तरी तो छडीने दाखवायचा आणि विचारायचा, "हे कोणाचं?" जणू ते पान घरच्या बाईने झाडावरून मुद्दाम तोडून तिथे आणून ठेवलं होतं.

"जनावर घाणीत राहतं कारण त्याला हात नसतात," तो चावडीवर सगळ्या गावासमोर सांगायचा. "तुम्हाला हात आहेत. तेव्हा तुम्ही कुठे बसता ते तुम्हीच ठरवा."

त्याच्या काळात गावातली हगवण कमी झाली हे खरं. ती त्याच्या छडीमुळे झाली की त्याच सुमारास बांधलेल्या विहिरीमुळे, हे कोणी विचारलं नाही. त्याने तर नाहीच.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने स्वतःच्या बायकोलाही समन बजावलं होतं. स्वयंपाकघरामागे आंब्याचा पाचोळा सापडला. कोनादू कोर्टात उभी राहिली, दंड भरला, आणि घरी येऊन नवऱ्यासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कुटायला बसली. ही गोष्ट तो पुढे अभिमानाने सांगत असे. दंड कशातून भरला ते मात्र सांगत नसे. दंड कोकोच्या बागेतून भरला होता. घराचे पत्रे बागेतून आले होते. त्याची खाकी चड्डी ज्या इस्त्रीने कडक व्हायची तिच्यातले कोळसेसुद्धा बागेच्या पैशाचे, कारण खात्याचा पगार आला तर आला. आणि ह्या बागेला तो म्हणायचा, "तुझा उकिरडा."

उकिरड्यावरून आलेल्या बाईने अंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, हा त्याचा नियम होता. मागल्या दाराशी बादली भरून ठेवलेली असे. कोनादूच्या अंगाला, लुगड्याला, केसांनाही एक वास यायचा, ओलसर, गोडसर, अळंबीच्या जवळचा. तो रोज त्या बादलीपाशी धुतला जाई. पाचोळ्यातून वेचून आणलेल्या अळंब्या आणि गोगलगायी मात्र थेट स्वयंपाकघरात जात, आणि रश्श्यात पडल्यावर साहेबांना त्या कुठून आल्या ह्याची चौकशी करावीशी वाटत नसे.

कोनादू कुरकुरली नाही. एकदाच काय ते बोलली. तो नेहमीप्रमाणे उकिरड्यावरून तिच्यावर घसरला होता.

"पान पडलं की तुम्हाला घाण दिसते," ती म्हणाली. "अहो, झाडाने जमिनीला जेवायला वाढलंय ते. जमीन जेवते, मग ती झाडाला वाढते."

"आणि जेवताना मध्ये किडे फिरतात ते?"

"मोठी पंगत असते. सगळे बसतात."

ताची हसला होता. अडाणी बाई, तिच्याशी काय वाद घालायचा.

तिलाही ह्याहून जास्त ठाऊक नव्हतं. पण जंगलकाठच्या त्या मातीचं खरं तेवढंच आहे. वर हिरवंगार दिसतं म्हणून परगावच्या माणसाला वाटतं, खाली सोनं असणार. खाली असते लाल, म्हातारी, पावसाने धुऊन धुऊन सत्त्व गेलेली माती. जी काय श्रीमंती आहे ती वरच्या वीतभर पाचोळ्यात. वाळवी त्याचे तुकडे करते, वाणी ते चघळतात, बुरशीचे पांढरे धागे त्यांत घुसतात, आणि पानातलं नत्र, पालाश, चुना सुटून वाहून जायच्या आत झाडांची केसांसारखी मुळं जमिनीतून वर येऊन त्या कुजक्या पानालाच चिकटतात आणि ते पिऊन टाकतात. आज गळलेलं पान उद्या पुन्हा फांदीवर चढतं ते ह्या वाटेने. हा सगळा व्यवहार दिसायला घाणेरडा आहे, आणि जे दिसायला घाणेरडं ते ताचीच्या लेखी गुन्हा होतं.

मग तो निवृत्त झाला, आणि पुढच्याच वर्षी कोनादू तापाने गेली.

तिला पुरून आल्यावर ताचीला काय करावं कळेना. तिची लुगडी, मणी, भांडी तिच्या घराण्यातल्या बायका रीतीप्रमाणे घेऊन गेल्या. घर स्वच्छ होतं, ते आधीपासूनच होतं. गावात बोलायला कोणी नव्हतं, कारण आयुष्यभर त्याने बोलण्यासारखं कोणाला मानलंच नव्हतं. उरली ती बाग. तिच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटलं, आणि त्याला करता येण्यासारखी गोष्ट जगात एकच होती. तो खराटा घेऊन बागेत गेला.

बागेत जंगलातलं काही शिल्लक ठेवायचं नाही असा त्याने चंगच बांधला. ढिगावर ढीग लावून त्याने कोनादूचा सगळा पाचोळा जाळला. पुढे रोज पडेल ते रोज झाडायचं आणि आठवड्याला जाळायचं, असा नेम ठेवला. गुरुवारी त्या भागात कोणी जमिनीला हात लावत नाही, तो धरणीचा विसाव्याचा वार. ताची गुरुवारीही झाडायचा. "मी काय कुदळ मारतोय?" तो म्हणायचा. "आणि धरणीला विसावा लागतो, तर हिच्यावरची घाण काढली की बरंच वाटेल की तिला."

पहिल्या वर्षी झाडं अशी तरारली की विचारू नका. राखेचा गुण तो. वर्षानुवर्षं घासाघासाने मिळायचं ते एकदम ताटात पडलं. त्यातलं काही आधीच धुरातून गेलं होतं, काही झाडांनी ओरबाडलं, उरलेलं पावसाने ओढ्यात नेलं. पण तेवढ्यावर ताचीने ताडीच्या गुत्त्यात जाऊन, स्वतः थेंब न पिता, साऱ्यांना ऐकवलं. "बायको होती तोवर झाडं घाणीत गुदमरत होती. आता बघा."

लोकांनी बघितलं. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली. त्यापुढच्या पावसात उघडी माती वाहून गेली आणि मुळं म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी वर आली. शेंडे वाळले. सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे फुलं यायची आणि फळ धरायचं नाही. ताचीला अभिमान होता की त्याच्या बागेत चिलट औषधालाही सापडणार नाही. खरंच सापडत नव्हतं. कोकोचं फूल एवढंसं, त्यात शिरून पराग इकडचे तिकडे करण्याइतकं बारीक चिलटाशिवाय कोणी नाही, आणि चिलटाची पोरं वाढतात कुजक्या पाचोळ्यात. खोडाखोडावर पांढरी नाजूक फुलं लगडत, वाट पाहत आणि वाळून गळत. ताची तीही झाडून टाकी.

त्याने सगळ्यांना दोष दिला. खारींना दिला, चोरांना दिला, फवारणीचं औषध विकणाऱ्याला दिला. शेवटी त्याला खात्रीच पटली की रोग येतोय तो बांधापलीकडून, त्या आळशी बाईच्या घाणीतून. म्हणून तो आणखी जोरात झाडू लागला.

मंगळवारी सार्पोंग आला. सार्पोंग म्हणजे कोनादूचा थोरला भाऊ आणि घराण्याचा प्रमुख. प्रमुखाचं काम काय, तर तपकीर ओढायची, मयताला पुढे बसायचं, आणि लोकांनी आणलेल्या दारूतले दोन थेंब पूर्वजांना देऊन बाकीची जबाबदारी स्वतः उचलायची. ताचीचं त्याच्याविषयी हे मत होतं आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. तरी त्या दिवशी त्याने इस्त्रीची खाकी चड्डी घातली, बुटांना पॉलिश केलं आणि पहाटेपासून बाग दोनदा झाडली.

सार्पोंगने बागेत पाऊल टाकलं, काठी टेकवली. टक् असा आवाज आला. त्याने पुन्हा टेकवली. पुन्हा टक्.

"जावईबापू, कोणी पाहुणे यायचेत का?" त्याने विचारलं.

"नाही. का?"

"अंगण छान केलंय म्हणून विचारलं. बाग कुठंय?"

मागे ताविया तोंडाला पदर लावून उभी होती. ताचीने तिच्याकडे बघितलं नाही.

सार्पोंग एका झाडापाशी गेला. हाताशी आलेली फांदी त्याने नुसती वाकवली, ती काडकन मोडली. त्याने खोडावरून बोटं फिरवली. "फळं?"

"यंदा चोऱ्या फार झाल्या, मेहुणे."

"फुलाच्या खुणा आहेत. तोडलेल्या देठाची एक खूण नाही. चोर देठासकट चाटून गेला वाटतं."

"रोग पलीकडून येतो," ताची म्हणाला. त्याचा आवाज जुन्या सवयीने चढला. "हिच्याकडून. मी किती दिवस सांगतोय. नोकरीत असतो तर हिला केव्हाच समन बजावलं असतं."

"बजावलं होतंत की एकदा, दाजी," ताविया म्हणाली. "तेही मी पोटुशी होते तेव्हा."

"चला, रोग बघू," सार्पोंग म्हणाला आणि बांध ओलांडून गेला.

ताची बांधावर घुटमळला. समोर पोटरीभर पाचोळा, आणि पायात पॉलिशचे बूट. पण थांबलो तर हे दोघं आपल्यामागे काय ठरवतील ह्या धास्तीने तो उतरला. पाऊल चर्र करत आत गेलं. सार्पोंगची काठी तर अशी रुतली की ती उपसायला तावियाने हात दिला. सावलीत थंड होतं. तोंडापुढे चिलटं घोंघावत होती. खोडाखोडाला पिवळी, तांबूस फळं बिलगून बसली होती, काही अगदी बुंध्याशी, हात घातला तर येतील अशी.

"तू काय करतेस गं ह्यांना?" सार्पोंगने विचारलं.

"काही नाही, दादा. एवढं झाडून कंबर कोणाची मोडायची?"

हे तिने खरं सांगितलं. तावियाकडे शहाणपण नव्हतं, आळस होता, आणि मातीला त्या दोन्हींतला फरक कळत नाही. ताचीला मात्र कळत होता, म्हणून त्याचा अधिकच जळफळाट झाला. आयुष्यभर घाम गाळणाऱ्याला हे, आणि लोळणाऱ्या बाईला ते.

सार्पोंग कण्हत गुडघ्यांवर बसला. त्याने हाताने पाचोळा बाजूला केला. वर कोरडी पानं. त्याखाली ओली, भोकंभोकं पडलेली. त्याखाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली, आणि मग पान कुठे संपलं आणि माती कुठे सुरू झाली ते सांगता न येणारा काळा भुगा. त्यात पांढरे धागे पसरले होते. एक वाणी अंगाचं वेटोळं करून पडला. सार्पोंगने ओंजळभर भुगा उचलला आणि ताचीच्या नाकासमोर धरला.

"घ्या वास."

"मला गरज नाही."

"घ्या हो. समन नाही बजावणार."

ताचीने नाक मुरडून वाकल्यासारखं केलं. आणि तो तसाच वाकलेला राहिला.

तो वास कोनादूचा होता. मागल्या दाराशी, बादलीपाशी, डोक्यावरची पाटी उतरवून ती उभी राहायची तेव्हा यायचा तो, ओलसर, गोडसर. तिची लुगडी गेली, उशी गेली, घरात तिचा म्हणून एक केससुद्धा त्याने झाडायचा ठेवला नव्हता, आणि ती ह्या आळशी बाईच्या उकिरड्यात होती. तिच्या बागेतही असणार, पण ती त्याने जाळली. रोज जाळली. त्याने रुमाल काढला आणि मग तो कशासाठी काढला हेच त्याला आठवेना.

"बाग ताविया बघेल," सार्पोंग म्हणाला.

"ही?" ताचीचा आवाज फाटला. "ही बघेल? हिला स्वतःचं परसू बघता येत नाही."

"आळशी आहे, ठाऊक आहे. पण त्या झाडांना सध्या आळशीच बाई पाहिजे."

"मी कोनादूसाठी करत होतो. रोज. गुरुवारीसुद्धा."

"माहितीय," सार्पोंग म्हणाला. त्याने भुगा परत खाली ठेवला आणि वरून पानं सारली. "म्हणून तर इतके दिवस कोणी बोललं नाही तुम्हाला. जावईबापू, गावातल्या बायकांच्या परसात पान शोधण्यात तुमचा जन्म गेला. जाऊ दे, नोकरी होती. माझ्या बहिणीला कोर्टात उभं केलंत, तेही गिळलं. पण ती मेल्यावर तिच्या पंगतीतली पानं उचलून जाळत बसलात. आता पुरे."

पंगत हा शब्द कोनादूने भावालाही सांगितला होता तर. ताची ताठ उभा राहिला. बुटांवर काळा भुगा चिकटला होता.

"घ्या," तो म्हणाला. "घ्या आणि करा उकिरडा." आणि बांधाशी ठेवलेला खराटाही न उचलता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने परसात दुसऱ्या खराट्याने झाडलं. उत्तरेचा कोरडा वारा सुटलेला, आंबा सपाटून गळत होता. भलामोठा ढीग झाला. ताचीने काडेपेटी काढली, काडी ओढली. ती बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्याने ती फुंकली. दुसरी ओढली, तीही फुंकली. मग तो तिथेच आंब्याखाली बसून राहिला. ढीग जाळला असता तर काही बिघडत नव्हतं, आंब्याचा पाला होता, बागेचा नव्हता. पण त्याचा हात चालेना.

बऱ्याच वेळाने तो उठला. कोनादूची जुनी पाटी माळ्यावर होती. बायकांना ती मोडकी वाटली म्हणून नेली नव्हती. ताचीने पाला तिच्यात दाबून भरला, फडक्याची चुंबळ केली आणि पाटी डोक्यावर घेतली. बेपोआसेत बाप्या माणूस डोक्यावर ओझं घेऊन रस्त्याने जात नाही. बायका नेतात, पोरं नेतात. निवृत्त तपासनीस तर नाहीच नाही. बागेकडे दुसरी वाट नव्हती, भर बाजारातूनच जावं लागायचं.

आधी बाजारातल्या माना वळल्या. मग आंबवलेल्या मक्याचे केन्के उंडे विकणारी म्हातारी, जिला त्याने चुलीमागच्या पाल्यासाठी एकदा कोर्ट दाखवलं होतं, उठून उभी राहिली.

"बायांनो, बाहेर या गं. कचऱ्याला पाय फुटलेत."

"समनसमन, हे कोणाचं?" शिवणयंत्रावरून एकाने विचारलं, थेट त्याचाच सूर लावून.

"मालकाचं नाव लिहून घ्या आधी."

"अहो, छडी कुठं विसरलात?"

कोणीतरी शिटी वाजवली. हशा पिकला. ताचीची मान सरळ होती. पाटी डोक्यावर असली की ती सरळ ठेवावीच लागते, आणि तशीही ह्या लोकांकडे वळून बघण्यासारखं काही नसतं असं त्याचं पहिल्यापासून मत होतं. फक्त पानं सुटून खांद्यावर पडत होती, ती त्याने झटकली नाहीत.

बागेत ताविया होती. बाग ताब्यात येऊन एक रात्र झाली होती आणि ती एका बुंध्याशी टेकून पेंगत होती. तिने डोळे उघडले, त्याच्या डोक्यावरची पाटी बघितली.

"दाजी, जाळायला जागा कमी पडली होय घरी?"

सगळ्यांत वाळलेलं झाड शोधून त्याच्या उघड्या मुळांवर ताचीने पाटी पालथी केली. आंब्याची पानं त्या झाडलेल्या लाल जमिनीवर फार थोडी दिसली. त्याने ती हातांनी मुळांभोवती नीट पसरली.

"वाढतोय," तो म्हणाला.

तावियाने, कधी नव्हे ते उठून, वाटेत सांडलेली पानं त्यांत आणून टाकली.

गाव मात्र बाजारातल्या हशावर थांबलं नाही. शुक्रवारी सकाळी ताचीने दार उघडलं तर उंबऱ्याशी कंबरेएवढा ढीग. सगळ्या आळीने आपापली परसं झाडून ती त्याच्या दारात आणून ओतली होती. आंबा, बदाम, केळीची सालं, मक्याची पानं. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती, आता म्हातारा काय करतो ते बघायला. ताची उभा राहिला. त्याच्या दारात, त्याच्या उंबऱ्यावर, साऱ्या जन्माचं उट्टं काढलेलं पडलं होतं.

मग तो उकिडवा बसला आणि ढिगात हात घालून निवडू लागला. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या. सार्डिनचा डबा काढला. बॅटरीचा सेल निघाला तसा तो उठलाच.

"हा कोणाचा?" तो गल्लीवर ओरडला, आणि सवयीने दोन बायका मागे सरकल्या. "तुम्हाला धड कचरासुद्धा टाकता येत नाही? पानं म्हणजे पानं. हे कुजतं का? ह्याला काय माती खाणार आहे? मूर्ख लोक. उद्या पुन्हा असं दिसलं तर परत तुमच्या दारात आणून टाकीन."

लोक हसले. पण दुसऱ्या दिवशीच्या ढिगात सेल नव्हता. पिशव्या होत्या, त्यांवरून त्याने पुन्हा शिव्या घातल्या. असं रोज चाललं. ढीग यायचा, ताची निवडायचा, आळीची अक्कल काढायचा, आणि पाट्या भरभरून बागेत न्यायचा. गुरुवारी तेवढा नाही. गुरुवारी ढीग दिवसभर त्याच्या दारातच पडून राहायचा, आणि ज्याच्या अंगणात कधी पान टिकलं नाही तो माणूस त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा.

झाडं सुधारली असं सांगितलं तर खोटं होईल. काही त्याच वर्षी मेली. बाकीची जगतील की नाही ते कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि ज्याने सांगितलं असतं त्याच्यावर ताचीने विश्वास ठेवला नसता. पाऊस येऊन गेला तेव्हा कुठे एका संध्याकाळी त्याने पहिल्या झाडाखालचा पाचोळा वर केला. खालची आंब्याची पानं जाळीदार झाली होती. त्यांत एक पांढरा धागा होता, नखाएवढा पसरलेला, आणि झाडाचं एक कोवळं मूळ वर येऊन पानाच्या देठाला चिकटलं होतं. त्याने मनगटापर्यंत हात आत घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

घरी आला तेव्हा मागल्या दाराशी बादली भरलेली होती. सकाळी त्यानेच भरली होती, इतक्या वर्षांच्या नेमाने. त्याने हात नाकाशी नेला. मग बादलीतलं पाणी आंब्याच्या मुळाशी ओतलं, बादली पालथी घातली, आणि पाय न धुता घरात गेला.